ताईची पळी

संवादबाईंचं खरं नाव सिनेमा संपल्यावर पडद्यावर यायचं, पण ते वाचायला थांबतो कोण? तोवर लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात. ऑफिसात सगळे त्यांना संवादबाई म्हणत, आणि घरी ताई म्हणायची, बारके. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, चष्म्याचा नंबर वाढत गेला, तरी बारकेच. मोठ्या बहिणीपुढे माणूस मोठं होतच नाही, त्याला काय करणार?

काम सांगायला सोपं होतं. सिनेमातली माणसं तोंड उघडून जे बोलतात, ते बाई लिहायच्या. गोष्ट दुसऱ्याची, पैसा तिसऱ्याचा, तोंड चौथ्याचं, आणि त्या तोंडातलं वाक्य तेवढं बाईंचं. लोकांना वाटतं, त्यात काय मोठंसं, उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, लिहून बघा. कागदावर झकास दिसणारं वाक्य नटाच्या तोंडात गेलं की असं काही कण्हतं, की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. बाईंचं वाक्य कधी कण्हलं नाही. त्याचं श्रेय मात्र बाईंचं नव्हतं, ताईचं होतं, आणि ही गोष्ट त्या दोघींपलीकडे कुणाला माहीत नव्हती.

ताईचे यजमान लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. धाकटीने लग्नच केलं नव्हतं. म्हणून ताई एक पेटी आणि एक शिलाई मशीन घेऊन तिच्याकडे राहायला आली, ती कायमचीच. सकाळी ताई स्वयंपाक करायची आणि बाई स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर बसून आदल्या दिवशी लिहिलेलं वाचून दाखवायच्या. सगळी सोंगं एकटीने वठवायच्या. नायक, नायिका, वकील, चोर, चोराची आई. ताई पाठमोरी. मान हलवायची नाही की हं म्हणायची नाही. पण एखादं वाक्य खोटं आलं, की हातातली पळी पातेल्याच्या झाकणावर आपटायची. टण!

बस्स. का, कसं, काही नाही. फार फार तर म्हणायची, “कोण बोलतं गं असं?”

बाई चिडायच्या. “अगं, हे काव्यमय आहे!”

“असेल. पण नवरा घर सोडून चाललाय, तेव्हा बायको काव्य करत नाही. किल्ली कुठे ठेवलीस ते विचारते.”

आणि बाई मुकाट्याने वाक्याच्या पुढे कंसात ‘टण’ असं टाइप करायच्या, दुपारी ते वाक्य मोडायच्या, नायिकेला किल्लीचं विचारायला लावायच्या. पुढे थिएटरात त्याच जागी माणसं नाक पुसायची. समीक्षक लिहायचे, बाईंना माणसाच्या मनाची नस सापडली आहे. ताईला ते वाचून दाखवलं तर तिथेही टण!

मग एका सकाळी ताई स्वयंपाकघरात खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं किती ते सांगता येत नाही, बोलत राहा त्यांच्याशी. बाई बोलायच्या की. औषध घे, कूस बदल, पाय वर कर, ऊन येतंय का डोळ्यांवर. सांभाळायला एक मावशी यायच्या, त्याही बोलायच्या. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत राहायची. तिच्या नजरेवरून काही म्हणजे काही कळायचं नाही.

पण लिहिलेलं एक ओळभरसुद्धा बाईंनी तिला वाचून दाखवलं नाही. मावशी म्हणायच्या, “वाचून दाखवा ना बाई, करमेल त्यांना.” बाई म्हणायच्या, उगाच शीण कशाला. ती लोणकढी थाप होती. खरी गोष्ट अशी की त्यांना भीती वाटायची. समजा, एखादं भिकार वाक्य वाचलं आणि ताई नुसतीच बघत राहिली तर? मग ताई गेली म्हणायची. नाडी चालू असो नाहीतर नसो. त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं मनाशी ठरवून त्या रोज ताईच्या खोलीचं दार हळूच लोटून घ्यायच्या आणि एकट्या लिहायला बसायच्या.

दिवस जात होते तेवढ्यात ऑफिसात नवी भानगड आली. मोठे साहेब वारल्यावर सिनेमा कंपनी त्यांचा मुलगा चालवत होता. सगळे त्याला धाकटे साहेब म्हणत. त्याने बाईंना बोलावून खुशीत सांगितलं, “बाई, आपण एआय आणलंय. पटकथा, संवाद, सगळं लिहितं.”

“म्हणजे नवीन लेखक?”

“तसंच समजा. पण हा जेवायला मागत नाही, रुसत नाही, तारीख चुकवत नाही.”

“मग तो लेखक नव्हे,” बाई म्हणाल्या.

साहेब मोठ्याने हसले, पण ठरलं ते ठरलंच. पहिला खर्डा यंत्र लिहिणार, बाईंनी त्यावर नुसता हात फिरवायचा. आणि यंत्राला बाईंचं वळण यावं म्हणून बाईंनी आपलं आजवरचं सगळं लिखाण कंपनीला द्यायचं. बाईंनी ते देऊन टाकलं. नाही म्हणायचं त्राण नव्हतं, दुसरं काय! कॉम्प्युटरवर दोन कप्पे होते, एकात पक्की पानं आणि दुसऱ्यात कच्ची. पाठवायची होती पक्की. बाईंनी घाईघाईत दोन्ही पाठवली. कच्च्या पानांत ताईच्या सगळ्या पळ्या होत्या. आपण काय देऊन बसलो, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

यंत्राचा पहिला खर्डा आला तेव्हा ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. एक पोलीस अधिकारी पावसात उभा राहून म्हणतो, “या शहराच्या अंधाराला आता माझ्या रक्ताची चटक लागली आहे. टण.” त्याची प्रेयसी म्हणते, “तुझ्या डोळ्यांत मी माझं उद्ध्वस्त आकाश पाहते. टण.”

यंत्रावर बसणारी मुलगी हुशार होती. ती म्हणाली, “मॅडम, हे टण तुमच्याच पानांवरून उचललंय त्याने. काय आहे ते?”

“काही नाही, टायपिंगची चूक,” बाई म्हणाल्या.

सगळे हसत होते. बाईसुद्धा तोंडदेखलं हसल्या. पण प्रसाधनगृहात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कारण ताई ओट्यापाशी उभी असती तर पळी नेमकी त्याच दोन वाक्यांवर पडली असती. यंत्राला टण म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण कुठे वाजतं ते कळलं होतं. वर्ष उलटून गेलं होतं बाईंनी तो आवाज ऐकून, आणि आता तो एका पोलिसाच्या तोंडून आला होता.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर शेगडीशेजारी ठेवला, जिथे ताई उभी राहायची तिथेच. सकाळी चहा घेऊन त्या दारातल्या स्टुलावर बसायच्या, आपलं वाक्य यंत्राला द्यायच्या आणि म्हणायच्या, हे पुढे लिही. यंत्र लिहायचं. वाक्य नटवं असलं तर शेवटी टण यायचं. मग बाई भांडायच्या, “का? काय वाईट आहे यात?” यंत्र अदबीने माफी मागायचं. ताईने आयुष्यात कधी माफी मागितली नव्हती, त्यामुळे तिथे मजा जायची. दुधाची तहान ताकावर म्हणतात तसलाच प्रकार. पण तहानेला कोण शिकवणार? पलीकडच्या खोलीत खरी ताई खुर्चीत बसलेली, आणि ही इकडे ओट्यावरच्या डब्याकडून तिचा आवाज मागतेय. आपण वेड्यासारखं करतोय हे बाईंना कळायचं. कळून उपयोग काय?

एकदा मावशींनी दारातून डोकावून विचारलं, “कुणाशी बोलताय बाई? फोन आहे का?”

“कामाचं आहे,” बाई म्हणाल्या.

हेही सुख टिकलं नाही. एका सोमवारी त्यांनी मुद्दाम एक भरजरी वाक्य दिलं आणि यंत्राने ते तसंच गोड मानून पुढे आणखी चार भरजरी वाक्यं लिहिली. टण नाही. बाईंनी आणखी वाईट वाक्य दिलं. नाही. चंद्र, चांदणं, काळजाची राख, सगळं ओतलं. नाही! त्यांनी यंत्रावरच्या त्या मुलीला फोन केला.

“हो मॅडम, ते साफ करून घेतलं आपण. साहेबांनीच सांगितलं. आता नाही त्रास देणार तुम्हाला.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या, फोन ठेवला आणि शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या. चहा उतू गेला तरी त्यांना कळलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं. नवा सिनेमा दोन बहिणींचा होता. आयुष्यभर एकत्र राहिलेल्या. शेवटी थोरली घर सोडून कायमची जाते आणि धाकटी दारात उभी राहून तिला काहीतरी म्हणते. सगळा सिनेमा यंत्राने लिहिला होता. तो एक प्रसंग तेवढा साहेबांना बेचव वाटत होता.

“बाई, हा तुम्ही लिहा. हा जमला तर सिनेमा तुमच्या नावावर. नाहीतर मग यापुढे नावबिव नको, हात फिरवायचं काम आहेच की.” साहेब वाईट नव्हता हो. मोठ्या साहेबांच्या वेळेपासून बाईंना बघत आला होता. पण नाकापेक्षा मोती जड झाला की तो काढून ठेवायचा, एवढा व्यवहार त्याला कळत होता.

बाईंनी लिहिलं. खूप लिहिलं. धाकटी दारात म्हणते, “ताई, तू गेलीस तरी या भिंती तुझ्या श्वासांवर जगतील.” लिहून झाल्यावर त्यांनी ते यंत्राला दाखवलं. यंत्र म्हणालं, “हे वाक्य अतिशय हृदयस्पर्शी आहे. हवं असल्यास मी ते अधिक भावपूर्ण करू शकतो.”

“मेल्या,” बाई म्हणाल्या आणि लॅपटॉप मिटला.

आता विचारायला उरलं होतं तरी कोण? आयुष्यभर बाईंनी दुसरा माणूस जोडलाच नव्हता. मैत्रिणी लग्नं करून आपापल्या संसाराला लागल्या, ऑफिसातले जुने लोक निवृत्त झाले, आणि ताई होती तोवर बाईंना कुणाची उणीव भासली नव्हती. एका माणसात सगळं मिळत असलं की असं होतं. ते माणूस गप्प झालं की घर नुसतं अंगावर येतं.

रविवार होता. मावशींची सुट्टी. बाईंनी ताईला भरवायला मऊ भात केला. व्यायाम सांगणाऱ्या बाईने बजावलं होतं की चमचा ताईच्या डाव्या हातात द्यायचा, सांडलं तरी चालेल. म्हणून चमचा ताईच्या हातात, स्टीलची वाटी समोर स्टुलावर ठेवलेल्या लाकडी पाटावर. ताई खात होती. अर्धं तोंडात, अर्धं पदरावर. बाईंच्या मांडीवर कागद होते.  एवढी मोठी बाई, शेकडो माणसांना पडद्यावर बोलायला लावणारी, आणि बहिणीला चार ओळी वाचून दाखवायच्या तर नुसती कागद उलटेसुलटे करत बसलेली!

“ताई, वाचते हं,” त्या म्हणाल्या.

ताई कपडे बघत होती. कुणाची तरी निळी चादर वाऱ्याने फुगली होती.

बाईंनी सुरुवात केली. थोरली सामान आवरते. धाकटी विचारते, छत्री घेतलीस का. ताई चावत होती. थोरली म्हणते, गॅस बंद कर आठवणीने. ताईने वाटीत चमचा घातला.  पुढची ओळ ती होती. त्यांनी ती वाचली. “ताई, तू गेलीस तरी या भिंती तुझ्या श्वासांवर जगतील.”

टण.

पळीचा आवाज जाडा असायचा, हा चमच्याचा बारीक होता. पण वाटीच्या काठावर, नेमका, एकदाच.

बाईंनी वाटीकडे पाहिलं. वाटलं, हात सुटला असेल. भात उचलताना लागला असेल चमचा. त्यांनी पुन्हा छत्रीची ओळ वाचली. काही नाही. गॅसची वाचली. काही नाही. मग भिंतींची.

टण!

“ताई!” बाई ओरडल्याच. “अगं, तू आहेस! अगं बये, तू आत आहेस!” त्या तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. वर्षभर आपण हिच्या खोलीचं दार लोटून घेत होतो आणि ही आत बसून टण करायची वाट बघत होती! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्यांना. ताईने मान वळवली. चेहऱ्याची डावी बाजू तेवढी हलली. हसली की रागावली, देव जाणे. भाताचं एक शीत हनुवटीला चिकटलं होतं, ते बाईंनी काढलं.

मग जुनी खाज उठली. लेखकाची जात ती! डोळे पुसून बाईंनी पेन घेतलं. “बरं, भिंती नकोत. ऐक. तुझ्यावाचून हे घर म्हणजे तारा तुटलेली वीणा...”

टण. वाक्य पुरंसुद्धा होऊ दिलं नाही.

“बरं बाई, वीणाही नको. साधं बोलते. ताई, तू सुखाने जा. माझी काळजी करू नकोस.”

टण.

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. “यात काय खोटं आहे? काव्य नाही, काही नाही! अशीच बोलतात माणसं! रोज बोलतात!”

ताईने चमचा उचलून धरला होता. तो खाली येत नव्हता. ती बाईंकडे बघत होती. कपड्यांकडे नाही, थेट बाईंकडे.

“मग काय म्हणू मी?” बाई म्हणाल्या. कागद मांडीवरून खाली घसरले, त्यांनी उचलले नाहीत. “काळजी करू नकोस नको? मग कर. कर काळजी माझी! सगळ्यांना वाटतं मी तुझं किती करते. मला राग येतो तुझा, ताई. रोज येतो. तुला भरवताना येतो. वाटतं, ही मुद्दाम गप्प बसली आहे. दुपारी मी अजून दोन ताटं घेते आणि मग एक परत फडताळात ठेवते. मला एकटं राहता येत नाही गं. तू शिकवलंसच नाही.”

एवढं बोलून त्या थांबल्या. वर्षभर ज्या गोष्टीची त्यांना भीती वाटत होती, ती हीच. आपण वाचायचं, आणि पुढे काही वाजायचं नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटार सुरू करत होतं, ती दोनदा कुरकुरली आणि लागली.

डोळे उघडले तेव्हा ताईने चमचा पाटावर ठेवला होता. आवाज होऊ नये म्हणून, हळूच, पालथा.